दोरा न बांधलेली बंदूक

माझ्या बापाच्या डाव्या हाताची दोन बोटं आणि उजवा डोळा ज्याच्यामुळे गेला, तो माणूस परका नव्हता. बाबांचा चुलतभाऊ. आमचं आणि त्याचं अंगण एकच होतं, मध्ये फक्त शेवग्याचं झाड. आम्ही त्याला काका म्हणायचो. अजूनही म्हणते, पण म्हणताना तोंडात माती गेल्यासारखं होतं. क्षमा वगैरे मोठ्या मनाच्या माणसांनी करावी. माझं मन बेताचं आहे आणि त्याची मला आजवर लाज वाटलेली नाही.

आमचं घर काशीगावात, हायवे ओलांडून डोंगराच्या अंगाला. तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, हायवेच्या पलीकडे मीरा रोडला इमारतींचे सांगाडे उभे राहायला लागले होते, पण आमच्याकडे अजून वाल, भेंडी, कारली होती आणि ती खायला डोंगरातून डुकरं उतरत होती. त्यासाठी गावातल्या चार-पाच घरांकडे पीक राखायच्या परवान्याच्या बंदुका होत्या. सगळ्या ठासणीच्या. काडतूस वगैरे भानगड नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग गोळी किंवा छर्रे, वर पुन्हा बोळा, आणि लोखंडी गजानं सगळं ठासायचं. बार भरणं म्हणजे हेच. ऐकायला सोपं वाटतं. भात शिजवणंही ऐकायला सोपंच वाटतं, पण प्रत्येक घरचा भात वेगळा लागतो.

बाबांच्या हातचा बार पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. शिकारबंदीचा कायदा येण्याच्या आधी, मी लहान असताना, ओढ्याच्या अलीकडे बसून त्यांनी पलीकडच्या उतारावरचं चितळ एका गोळीत पाडलं होतं. ती गोष्ट गावात इतक्या वेळा सांगितली गेली की दर वेळी ओढा थोडा रुंद होत गेला. छर्रे जवळच्या जनावराला. तितक्या लांब छर्रे म्हणजे मूठभर वाल फेकल्यासारखे. लांबच्याला एकच गोळी, आणि ती गोळी नळीत कशी बसते त्यावर सगळं.

शिसं उत्तनच्या कोळ्यांकडून यायचं, फाटक्या जाळ्यांची वजनं. बदल्यात आम्ही भाजी द्यायचो. आई चुलीवर पळीत ते वितळवायची, बाबा साच्यात ओतायचे आणि गार झालेली गोळी पाट्यावर टाकून कान द्यायचे. आत हवा राहिलेली गोळी बोदा आवाज करते. ती ते बाजूला टाकायचे. उरलेल्या काचेवर घरंगळवायचे. जी वाकडी पळेल ती परत पळीत. टोपलीभर शिशातून लांबच्या माऱ्याच्या जेमतेम मूठभर गोळ्या निघायच्या आणि त्या आईच्या जुन्या लुगड्याच्या मऊ चिंधीत गुंडाळून डब्यात जायच्या. कायदा आल्यावर बाबांनी हरणावर नेम धरला नाही. पण डुकरासाठीसुद्धा गोळ्या तशाच निवडायचे. डुकराला काय कळणार, असं आई म्हणायची.

माझं काम बोळ्यांचं. प्रत्येक घरचा बोळा ठरलेला असायचा. आमचा नारळाच्या सोडणाचा, काथ्या पिंजून वळलेला. काकाचा गोणपाटाचा, कारण त्याचं काशीमिऱ्याच्या नाक्यावर धान्याचं दुकान होतं आणि गोण्या फुकट. आणखी कोणाचा कापसाचा, कोणाचा वर्तमानपत्राचा. बार उडाला की बोळा जळत जळत पुढे जाऊन पडतो, त्यामुळे जनावर पडल्यावर कोणाच्या बारानं पडलं हे भांडण बोळे शोधून मिटायचं.

आणि एक रीत होती, तिच्यावर सगळा गाव चालायचा. बंदूक भरली की घोड्याला लाल दोरा बांधायचा. बार उडवला की दोरा सोडायचा. दोरा दिसला तर भरलेली, नाही दिसला तर रिकामी. नळीत गज घालून मोजलं तरी कळतं आत काही आहे की नाही, गज तितका वर राहतो. पण गज घालून मोजणं म्हणजे दोऱ्यावर, पर्यायानं ज्या हातानं तो बांधला त्या हातावर अविश्वास. दुसऱ्यानं भरलेल्या बंदुकीत गज घालणारा माणूस आमच्याकडे अख्ख्या गावाचा अपमान करतो असं धरायचे. स्वतःच्या घरच्या बंदुकीत तर प्रश्नच नाही.

त्या सकाळी उजाडता उजाडता आईनं हाक मारली, डुकरं वालात शिरली म्हणून. बाबांनी खुंटीवरची बंदूक काढली. दोरा नव्हता. आदल्या आठवड्यात त्यांनी बार उडवून दोरा माझ्यासमोर सोडला होता. त्यांनी अंधुक उजेडात घाईघाईनं भरली, गज किती वर राहतो ते न बघता, मी काथ्याचा बोळा हातात दिला, आणि ते बांधावर गेले. मी चहाचं आधण ठेवलं होतं. आवाज आला तो बाराचा नव्हता. पत्रा फाटल्यासारखा होता. मी धावत गेले तेव्हा बाबा बांधावर बसलेले होते, डावा हात पोटाशी धरून, आणि नळी मधोमध केळ सोलावं तशी उलगडलेली होती.

भाईंदरला, तिथून मुंबईला मोठ्या इस्पितळात. बोटं गेली. डोळा राहील असं वाटलं, तोही गेला. हे सगळं चालू असताना काका आमच्या बरोबर होता, रिक्षा करून देत होता, बाहेर बाकड्यावर बसून माझ्या आईला धीर देत होता. आणि तोच काका पंचनाम्याला पंच म्हणून उभा राहिला आणि सांगून मोकळा झाला, की आदल्या दिवशी पेणकरपाड्याला हळद होती, दादा प्यायलेला होता, तंद्रीत दोनदा बार भरला आसेल. हळद होती हे खरं. बाबा हळदीला ग्लासभर घ्यायचे हेही सगळ्यांना ठाऊक. खोटं पचवायला चिमूटभर खरं लागतं, ते त्यानं बरोबर शोधून घातलं. परवाना निष्काळजीपणाबद्दल रद्द झाला.

परवान्याचं काय, बंदूकच राहिली नव्हती. पण ज्या माणसाच्या बाराची गोष्ट पोरं-थोरं सांगत होती, तो माणूस आता पिऊन स्वतःचाच बार विसरणारा झाला. नाक्यावर चहा पिताना कोणी ना कोणी विचारायचंच, "दादा, आज किती बार भरले?" आणि हसायचे. बाबा सावकाश चहा संपवून उठायचे. नंतर त्यांनी नाक्यावर जाणंच सोडलं. बोटं गेली त्याचं त्यांना दुःख होतंच, पण नाव गेलं ते त्यांना आतून पोखरत होतं. मला माझ्या बापाचं नाव परत हवं होतं. बाकी काही नको होतं.

इस्पितळातून आल्यावर मी वालाच्या शेतात गेले होते. का गेले सांगता येत नाही, तो मळा बघवत नव्हता आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. नळी फाटली तरी पुढे जे जायचं ते गेलं होतं. वेलांच्या मुळाशी आमचा काथ्याचा बोळा सापडला, अर्धा जळलेला. आणि त्याच्या पुढे दुसरा. गोणपाटाचा.

मी तो उचलला आणि तिथंच खाली बसले. आमच्या घरात गोणपाटाचा बोळा कधी वळला गेला नव्हता. बाबांनी शुद्धीत काय, बेशुद्धीतही तो वळला नसता. म्हणजे त्या नळीत पहिला बार दुसऱ्याच कोणी भरला होता. भरून, दोरा न बांधता, आमच्याच खुंटीला परत टांगला होता.

बोळा मी बाबांना दाखवला. त्यांनी उरलेल्या डोळ्याजवळ धरून बघितला, वास घेतला आणि मला परत दिला.

"चूप रव," ते म्हणाले. "गोणपाट कोनाच्या घरात न्हाय? बोलशील आनि तुजंच हसं होईल."

"पन बाबा, तो..."

"चूप रव सांगितलं ना."

त्यानंतर त्यांनी काकाविषयी वाईट शब्द काढला नाही. दिवाळीला त्याच्या घरचा फराळ आला तर खाल्ला. गावात लोक म्हणायला लागले की दादाचं मन मोठं. मला त्या मोठ्या मनाचा इतका राग यायचा की सांगता सोय नाही. वाटायचं, बोटांबरोबर ह्यांची चीडही कापून टाकली की काय डॉक्टरांनी. त्यांच्या वाटणीचा डूख मग मीच धरला. बोळा पावडरच्या रिकाम्या डबीत ठेवला आणि डबी कपड्यांच्या पत्र्याच्या पेटीत, माझ्या साड्यांच्या खाली.

बाबा म्हणाले त्यात खोट नव्हती. गोणपाटाचा तुकडा दाखवून मी काय सिद्ध करणार? काकाच्या तोंडूनच ते यायला हवं होतं, आणि काकाचं तोंड म्हणजे नाक्यावरच्या दुकानाचं. मारवाड्याशी मारवाडी, भय्याशी हिंदी, गुजराती बाईशी "आवो बेन", आणि खरं कोणाशीच नाही.

मी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. लग्न झालं नाही, ठरवलंही नाही कोणी फार मनावर घेऊन. दिवसभर वाट्या कागदात गुंडाळायच्या आणि मनात काका गुंडाळायचा. कसा बोलेल, कुठे बोलेल, कोणासमोर बोलेल. मैत्रिणी सिनेमाच्या गोष्टी सांगायच्या, मी हो हो करायची. आमच्याकडे म्हणतात, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. माझा तर सुंभही शाबूत होता.

काका त्या वर्षांत वर वर चालला होता. बिल्डर लोकांना जमिनी दाखवायचा, मालक आणि बिल्डर दोघांकडून गोड बोलून घ्यायचा. गावात त्याचा शब्द चालायला लागला. दसऱ्याचा मानाचा बारही त्याच्याकडे गेला.

हा मानाचा बार आधी बाबांचा होता. दसऱ्याला गावदेवीच्या ओट्यावर सगळ्या बंदुका मांडायच्या, हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि दुपारी सोनं लुटायच्या आधी एक बार डोंगराकडे उडवायचा. नुसत्या दारूचा, गोळीशिवाय. त्याचीही एक रीत. बार एका घरानं भरायचा आणि दुसऱ्या घरानं उडवायचा. गावात एकमेकांवर भरवसा आहे हे देवीला दिसावं म्हणून. पूर्वी काकाचं घर भरायचं आणि बाबा उडवायचे. आता काका उडवायला लागला आणि भरण्याचा मान आमच्याकडे आला, पण बाबा देवळाकडे फिरकत नसत. मग देवीचा म्हातारा पुजारीच भरून द्यायचा.

नेमकं काय झालं होतं ते मला काकीकडून कळलं. काकी म्हणजे काकाची बायको, बाई वाईट नव्हती, नुसती बोलघेवडी. एका लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही बायका पापड्या लाटत बसलो होतो आणि विषय निघाला नवऱ्यांच्या हट्टांचा. काकी सांगायला लागली, की ह्यांनी एकदा भाईंदरच्या कुठल्याशा शेठला हरणाचं मटण देतो म्हणून शब्द दिला होता, पहाटेचे ओढ्यावर जाऊन बसले, हरीण काही आलं नाही, थंडीनं कुडकुडत परत आले.

"कवा गो काकी?" मी पोळपाटावरून नजर न काढता विचारलं.

"अगो तवाच, आमच्या बंदुकीचा घोडा मोडून लोहाराकडं पडला होता ना..."

आणि ती थांबली. तिचं तिलाच कळलं असणार. घोडा मोडलेला, बंदूक लोहाराकडे, मग हा ओढ्यावर बसला तो कोणाच्या बंदुकीनं? लाटणं फिरवत ती दुसरंच काही बोलायला लागली. मीही हसून त्यात हुंकार भरला. माझ्या हातून त्या दिवशी एकही पापडी गोल झाली नाही.

सगळं जुळलं. ओढ्यापलीकडच्या हरणाला पोचेल अशी एकच बंदूक गावात होती, ती आमची. दार आमचं कायम उघडं. त्यानं पहाटे ती नेली, लांबच्या माऱ्याची गोळी घातली, बहुतेक आमच्याच डब्यातली, आणि स्वतःच्या गोण्यांचा बोळा ठासला. हरीण आलं नाही. आता भरलेला बार काढायचा तर उडवावा लागतो, आणि उडवला तर गाव जागा होतो, मग हरणाची भानगड कळते. दुसऱ्या पहाटे परत न्यायचीच होती. म्हणून तशीच आणून खुंटीला लावली. दोरा बांधला असता तर बाबांनी विचारलं असतं, कोनी भरली. म्हणून दोरा नाही. एवढंच. शेठच्या ताटातल्या मटणासाठी माझ्या बापाचा डोळा. आणि वर तोच दारुडा.

काका एवढंच म्हणाला असता की दादा, माझी चूक झाली, तर कदाचित मी इतकी पेटले नसते. चूक माणसाकडून होते. पण त्यानं चूक केली आणि ती उचलून माझ्या बापाच्या अंगावर टाकली.

त्या वर्षी दसऱ्याला मी पुजाऱ्याकडे गेले आणि म्हटलं, आमच्या घरचा भरायचा मान आहे, मी भरते. ओट्यावर कुजबुज झाली, बाईनं बंदुकीला हात लावायचा का म्हणून. पुजारी खमका माणूस. "बोळे वळताना बाईचा हात चालतो, मंग भरताना काय झालं?" म्हणाला. सकाळी बंदुका पुसून हळदकुंकू लावायचं कामही त्यानं मलाच दिलं. मी पुसल्या, फुलं वाहिली, बाकी काहीएक केलं नाही. हे मी देवीसमोर सांगू शकते.

दुपारी गाव जमला. काका नवा सफारी घालून आलेला. मी त्याची बंदूक उचलली आणि सगळ्यांसमोर भरली. दारू, वर काथ्याचा बोळा, गजानं ठासलं. बोळा मात्र मी मुद्दाम भलामोठा वळला होता, नारळाच्या अर्ध्या सोडणाचा तरी असेल. मग गज काढून ठेवला आणि लाल दोरा हातातच धरला.

"दोरा बांद," पुजारी म्हणाला.

"बांदते." मी दुसऱ्या हातानं कमरेची डबी काढली, उघडली आणि तो जळका गोणपाटाचा बोळा काकाच्या तळहातावर ठेवला. "काका, ही तुमची वस्तू आमच्याकडं ऱ्हायली होती. बाबांच्या वालात सापडली."

त्यानं बोळ्याकडे बघितलं.

"सकाळी बंदुका मीच पुसल्या," मी म्हटलं. "दोरा एकीलापन नव्हता." आणि बंदूक त्याच्या हातात दिली.

मी खोटं एक अक्षर बोलले नव्हते. पण खाई त्याला खवखवे. तो बंदूक धरून उभा राहिला. लोक डोंगराकडे तोंड करून वाट बघत होते. पोरांनी कानावर हात ठेवलेले. त्यानं बंदूक खांद्याला लावली, खाली घेतली, पुन्हा लावली. सफारीच्या काखा ओल्या झाल्या होत्या. मग त्यानं ओट्यावरचा गज उचलला आणि नळीत सोडला.

भरवशाच्या बारात, देवीच्या दारात, गज घालून मोजणारा माणूस गावानं कधी बघितला नव्हता. आणि गज राहिला वीतभर वर. माझा बोळाच तेवढा होता.

"ह्यात दोन बार हाईत!" तो ओरडला. "मना मारायला निघालीय ही!"

"तिनं आमच्यासमोर एकदाच भरलाय," पुजारी म्हणाला.

"सकाळीच भरून ठेवली आसेल! दोरा न बांदता!"

पुजारी चिडला. म्हाताऱ्याला मानाच्या बाराचा खोळंबा सहन होत नसे. "अरे, सकाळी कोनी भरली आसती तं मानूस ती उडवून रिकामी करील ना. भरलेली ठेवील कशाला?"

"उडवनार कशी?" काका किंचाळलाच. "आवाज न्हाय का होनार? सगल्या गावाला कललं आसतं! तशीच गपचूप खुंटीला टांगावी लागतेय ना..."

आणि तो थांबला. बंदुका ओट्यावर चटईवर मांडलेल्या होत्या. तिथे खुंटी नव्हती. देवळात कुठेच खुंटी नव्हती.

"कुटल्या खुंटीला?" पुजाऱ्यानं विचारलं.

काकीनं पदर तोंडावर घेतला होता आणि त्या पदराकडेही लोकांनी बघून घेतलं. मी काय बोलायचं ते किती वर्षं पाठ करून ठेवलं होतं, वाट्या गुंडाळताना, चालताना, भाकऱ्या थापताना. मोठं भाषण होतं. त्यातलं मला एकच वाक्य आठवलं.

"माजा बाप त्या दिवशी प्यायला नव्हता," मी म्हटलं. "आता तुमी सांगा."

"सांग," पुजारी म्हणाला.

नाक्यावर बाबांना हसणारे सगळे तिथं होते. काकानं त्यांच्याकडे बघितलं, एकेकाकडे, कोणी तरी आपल्या बाजूनं बोलेल म्हणून. मग त्यानं जमिनीकडे बघून सांगितलं. हरीण, शेठ, ओढा, सगळं. पुजाऱ्यानं "मोठ्यानं" म्हणून त्याला परत सांगायला लावलं. तो दुसऱ्यांदा सांगत असताना मला जे सुख झालं, तसं सुख मला त्याआधी कधी झालं नव्हतं आणि पुढेही फारसं झालं नाही.

पुजाऱ्यानं त्याच्या हातातली बंदूक घेतली आणि मला दिली. "बार काढ, पोरी."

मी घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवली, घोडा ओढला आणि डोंगराकडे नळी धरली. काका ओट्याच्या खांबामागे जाऊन कान दाबून बसला. सफारीसकट. बार सुटला, साधा एक बार, ठणठणीत, आणि जळका काथ्या झेंडूच्या फुलांवर भुरभुरला. खांबामागे बसलेल्या काकाला बघून आधी पोरं हसली, मग बाया, मग सगळेच. त्या हसण्यात मी माझा वाटा भरपूर घेतला.

पुढे तो जेसल पार्कला फ्लॅट घेऊन राहायला गेला. दुकानही विकलं. एकदा काकी घरी आली होती, म्हणाली, झालं गेलं सोडा, ते आजारी असतात, एकदा भेटून जा. मी तिला चहा दिला, लाडू दिला, शेवग्याच्या शेंगा बांधून दिल्या आणि भेटायला गेले नाही. तो गेला तेव्हाही गेले नाही. लोक बोलले. बोलू देत.

पण त्या दसऱ्याचं एक सांगायचं राहिलं. सोनं लुटून मी घरी आले तेव्हा बाबा पडवीत बसले होते, सोडण पिंजत. सवयच होती, बोळे कोणाला लागणार नव्हते तरी. बार त्यांना घरी ऐकू गेला होता.

"काथ्या जास्त घातलास," ते म्हणाले. आवाजावरून कळलं होतं त्यांना.

मी आपट्याची पानं त्यांच्या हातात दिली आणि पायाशी बसले. मग त्यांनीच विचारलं, "बोलला?"

"बोलला. सगल्यांसमोर. दोनदा."

त्यांनी मला पहिल्यापासून सांगायला लावलं. कोण कुठे उभा होता, कोण काय म्हणालं. खुंटीच्या शब्दाशी आले तेव्हा हात वर करून थांबवलं आणि तेवढं परत ऐकलं. नाक्यावरचे कोण कोण होते ते नावं घेऊन विचारलं. मी नावं सांगितली, एकेका नावाला त्यांनी मान हलवली.

"बार एकच होता ना?" त्यांनी विचारलं.

मला भरून आलं. वाटलं, म्हाताऱ्याला लेकीची काळजी, तिच्या हातून पाप होऊ नये म्हणून विचारतोय. लोक म्हणतात तेच खरं, ह्याचं मन मोठं आहे.

"एकच बाबा. देवीची शप्पत."

त्यांनी तीन बोटांच्या हातानं मांडीवरचा काथ्या झटकला आणि उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं.

"मी आसतो," ते म्हणाले, "तं दोन भरले आसते."